चौकशीच्या खिडकीतले दात

सोमवार, ३ फेब्रुवारी

ही डायरी चष्म्याच्या काचा बनवणाऱ्या कंपनीची आहे. माझा नवरा चष्म्याच्या दुकानात काचा घासतो. दर वर्षी त्याला एक डायरी मिळते आणि दर वर्षी ती कोरीच रद्दीत जाते. ह्या वर्षीची मी ठेवून घेतली, कारण आज जे झालं ते कुणाला सांगण्यासारखं नाही आणि पोटात ठेवण्यासारखंही नाही.

साहेबांनी खाली बोलावलं. म्हणाले, "एक मार्चपासून गाड्यांच्या घोषणा मशीन करणार."

मी विचारलं, "आणि मी?"

"तुम्ही चौकशी खिडकीत. डबलबेल अठ्ठावीसला रिटायर होतायत, त्यांच्या जागी."

डबलबेल म्हणजे आमचे चौकशीवाले. आधी कंडक्टर होते, आणि प्रत्येक गोष्ट दोनदा सांगतात, म्हणून ते नाव पडलं. साहेबांना वाटलं ते मला बढती देतायत. मी मान हलवून वर आले आणि सव्वाअकराची गाडी फलाट तीनऐवजी पाचवर लावली. सगळी माणसं पिशव्या घेऊन पळाली. एकोणीस वर्षांत असं झालं नव्हतं.

एकोणीस वर्षं मी स्टँडच्या माडीवर एका खोलीत बसून बोलते आहे. माइक, वेळापत्रक, पंखा आणि मी. माझा आवाज सगळ्यांना ओळखीचा, तोंड कुणी पाहिलेलं नाही. मला तेच हवं होतं. माझ्या वरच्या चार दातांवर तपकिरी आडवे पट्टे आहेत. लहानपणी ज्या विहिरीचं पाणी प्यायलो त्या पाण्याचा हा गुण. आमच्या वर्गात निम्म्या मुलांचे दात असेच, त्यामुळे नऊ वर्षांची होईपर्यंत मला वाटायचं, दात असेच असतात. मग शिकायला आत्याकडे आले. आत्या पहिल्याच दिवशी म्हणाली, "हसताना तोंडावर हात धरत जा गं." तिच्या मनात वाईट काही नव्हतं. पण हात जो वर गेला तो गेलाच.

आणि आता काचेची खिडकी. समोर रांग, आणि रांगेतला प्रत्येक जण माझ्या तोंडाकडे बघत विचारणार.

सव्वीस दिवस आहेत. तेवढ्यात दात पांढरे करायचे. घरात कुणाला सांगायचं नाही.

मंगळवार, ४

खायचा सोडा आणि लिंबू. पाच मिनिटं घासायचं असं वाचलं होतं, मी दहा घासलं. दात इतके आंबले की सकाळचा चहा तोंडात धरवेना. फरक काही दिसला नाही.

संध्याकाळी भांडी घासत होते. दोन्ही हात कोपरापर्यंत फेसात, आणि नेमका तेव्हाच हा आला आणि दुकानातल्या गिऱ्हाइकाची गोष्ट सांगायला लागला. एक आजोबा तासभर हरवलेला चष्मा शोधायला मदत मागत होते, चष्मा नाकावर. मला हसू आवरेना आणि हात रिकामे नव्हते, तोंड नळाकडे वळवून हसले. ह्याला सोळा वर्षांत वेळकाळ कळलेला नाही. पीठ मळायला घेतलं, कपडे पिळायला घेतले, की ह्याला विनोद सुचतो. हात मोकळे असले की घुम्यासारखा बसलेला असतो.

गुरुवार, ६

कोळशाची पूड. बेसिन काळं, टॉवेल काळा, माझी हनुवटी काळी. सासरे दाराशी येऊन थांबले. म्हणाले, "सूनबाई, चूल पेटवलीस काय आत?" बाबांना काय, त्यांची कवळी घरातल्या सगळ्या दातांपेक्षा पांढरी आहे. काढली की पेल्यात, घातली की तोंडात, कुणाची चौकशी नाही.

माझ्या लेकीने, चिमणीने, मला तशी काळी पाहिली आणि तोंडावर हात धरून खुदुखुदु हसत राहिली. बारा वर्षांची झाली. ह्या वयात मुली लाजऱ्या होतातच. मी आपली टॉवेल धुवायला घेतला.

रविवार, ९

औषधांच्या दुकानातून घरी दात पांढरे करायचा सेट आणला. दुकानदार मोठ्याने म्हणाला, "दातांसाठी ना?" मी मान हलवली आणि बाजूच्या माणसाकडे पाहिलंच नाही.

डब्यात दातांवर बसवायचे मऊ साचे, त्यात घालायचं जेल, आणि एक शेडकार्ड. एक ते सोळा. एक म्हणजे कागदासारखा पांढरा, सोळा म्हणजे जुन्या वर्तमानपत्रासारखा. आरशापुढे कार्ड धरलं. दातांचा कोरा भाग चौदाशी जुळला. पट्ट्यांचा रंग कशाशीच जुळेना. सोळाच्या पुढे कुणी जात असेल असं कार्डवाल्यांना वाटलं नसावं.

सूचनांत लिहिलंय, रोज अर्धा तास. जास्त नको, हिरड्यांना लागू देऊ नका.

बुधवार, १२

आता घरात सगळ्यांना कळलंय. तोंडात साचे घालून गुप्तता राखता येत नाही. संध्याकाळी अर्धा तास मी मुकी. बाबा मुद्दाम त्याच वेळी विचारतात, "वीजबिल कुठे ठेवलंय?" मी खुणा करते, ते म्हणतात, "पंख्यावर?"

चिमणी शेजारी बसून शेडकार्ड धरते आणि डॉक्टरसारखं तपासते. "तेराच्या जवळ," म्हणाली. पोरीला उत्साह आहे.

शाळेतून वर्गाचा फोटो आला. बाकीची सगळी पोरं दात काढून उभी, आणि आमच्या चिमणीबाई दुसऱ्या रांगेत तोंडावर हात धरून. नेमकी त्याच क्षणी शिंक आली असणार. वर्षातून एक फोटो, तोही असा. पुढच्या वर्षी नीट उभी राहा म्हणून बजावलं.

शुक्रवार, १४

कार्डावर बारा. खरंच बारा. आनंदाने आरशाजवळ गेले, उजेडात पाहिलं, आणि आनंद ओसरला. आजूबाजूचा दात उजळलाय, त्यामुळे पट्टे आधीपेक्षा ठळक दिसतायत. शिवाय मध्ये खडूसारखे ठिपके उमटलेत. भिंतीला अर्धाच रंग द्यावा आणि पोपडे उठून दिसावेत तसं.

आणि कळा. गार वारा तोंडात गेला की दातापासून कानापर्यंत सणक जाते. आज "सव्वासात" म्हणताना वारा आत गेला आणि पुढे नुसतंच "स्स्स" झालं. लाउडस्पीकरवर. डबलबेल जिना चढून वर आले.

"साप शिरला का खोलीत? साप शिरला का?"

मी खरं सांगून टाकलं. का कोण जाणे. अकरा वर्षं ते खाली आणि मी वर, आमचं बोलणं बहुतेक फोनवरच.

त्यांनी खुर्ची ओढली. "बाई, मी त्या खिडकीत अकरा वर्षं बसलो. माणसं माझ्याकडे बघतात असं मलाही वाटायचं. ती घड्याळाकडे बघतात. एकदा माझी अर्धी मिशी चुकून कापली गेली होती. आठवडाभर कुणाला कळलं नाही. कुणाला म्हणजे कुणाला."

"मिशी पुन्हा येते," मी म्हटलं.

त्यांनी उठून खुर्ची जागेवर सरकवली. जाताना म्हणाले, "कोमट पाणी पीत जा. कोमट."

रविवार, १६

भांडण झालं. म्हणजे मी केलं.

हा बाल्कनीत बसून घरी आणलेली एक काच उजेडात धरून बघत होता. मी विचारलं, "माझे दात तुला कधी खटकले नाहीत?"

"खटकायला दिसले कधी?"

"म्हणजे?"

"सोळा वर्षांत मोजून दिसलेत. मोजून."

मला ते लागलं. एवढी वर्षं हा मोजत बसला होता तर. मी म्हटलं, "बरं झालं सांगितलंस. आता पांढरे झाले की बघ पोटभर." तो काहीतरी बोलायला गेला आणि काच पुसायला लागला. बोलणं ह्याला कधी जमलंच नाही. रागाने दातओठ खावेत तर तेही दुखतात.

सकाळपासून घरात सगळंच कोमट मिळतंय, पिण्याचं पाणी, चूळ भरायचं पाणी, चहासुद्धा. गॅसची शेगडी बिघडलीय का बघायला हवं.

बुधवार, १९

आज अक्षर कसंही येतंय.

कामावरून आले तर चिमणी बेसिनपाशी रडत उभी. माझे साचे तिच्या तोंडात. तिला ते मोठे होतात, त्यामुळे जेल सगळं हिरड्यांवर ओघळलेलं. चूळ भरायला लावली, दहा वेळा, वीस वेळा. वरची हिरडी पांढरी फटक पडली होती, भाजल्यासारखी. बाबा मागे उभे राहून "डॉक्टर, डॉक्टर" एवढंच म्हणत होते. मी ह्याला फोन केला, तो काचा तशाच टाकून आला. आम्ही तिला दोघांच्या मध्ये धरून दवाखान्यात नेलं, जणू तिचा पायच मोडलाय.

दातांच्या डॉक्टर वयाने माझ्याएवढ्याच. शांतपणे पाहिलं. म्हणाल्या, "वरवर भाजलंय. तीनचार दिवसांत भरेल. तिखट, गरम देऊ नका." मग चिमणीला विचारलं, "तुझे दात तर छान आहेत गं. लावलंस कशाला?"

चिमणीने तोंडावर हात धरला आणि हाताच्या आतूनच काहीतरी पुटपुटली.

"हात काढ बघू, ऐकू नाही आलं."

तिने काढला नाही. डॉक्टरांनी हळूच तिचं मनगट धरून खाली घेतलं, तर डोळ्यांत पाणी. डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. तेव्हा माझाही हात तोंडावर होता.

मग त्यांनी मला खुर्चीत बसवलं. माझे पट्टे वरून बसलेले डाग नाहीत, दात घडतानाच पाण्यामुळे आत मुरलेले आहेत. लिंबाने आणि कोळशाने मी वरचं कवच झिजवलंय, म्हणून कळा येतात. जेल बंद. दात शांत झाले की इथे येऊन थोडं काही करता येईल, पण ते महिन्याभरात व्हायचं नाही. "दात मजबूत आहेत हो तुमचे," त्या म्हणाल्या. ते ऐकून मला रडू का आलं, कळत नाही.

येताना हा पुढे रिक्षा बघायला गेला. मी आणि चिमणी मागून चालत होतो. मी विचारलं, "तू हसताना हात का धरतेस?"

ती म्हणाली, "हसताना धरतात ना."

"कोण धरतं?"

"तू."

मग जरा वेळाने म्हणाली, "आपले दात खराब असतात ना. मला वाटलं, अजून दिसत नाहीत, पण मोठी झाल्यावर होतील. म्हणून आधीच लावून बघितलं."

गुरुवार, २०

रजा टाकली. तो वर्गाचा फोटो कपाटातून काढून पाहिला. शिंक नाही ती. गालावर अंगठा कसा ठेवते, बोटं कशी जुळवते, सगळं माझं. मी तिला बोलायला शिकवलं, बुटाच्या नाड्या बांधायला शिकवल्या, आणि हे न शिकवताच शिकवलं. आत्याला नऊ वर्षांच्या मुलीला सांगावं तरी लागलं होतं. मला सांगावंही लागलं नाही.

चिमणीला जवळ घेऊन विहिरीचं सगळं सांगितलं. तुला ते पाणी कधी मिळालंच नाही, तुझे दात असेच राहणार, म्हटलं. तिने नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग तुझे दुखतात का?"

"आता नाही."

"मग लपवतेस कशाला?"

माझं पुन्हा सव्वासातच्या गाडीसारखं नुसतंच "स्स्स" झालं.

शनिवार, २२

ठरवलं, हात धरायचा नाही. ठरवणं सोपं. दुपारपर्यंत अकरा वेळा हात वर गेला, त्यातले सहा चिमणीने पकडले. तिचे चार मी पकडले. बाबा पंच. त्यांनी एकदा मला खोटंच बाद दिलं, मी नाक खाजवत होते.

संध्याकाळी मी आणि चिमणी मोठी चादर पिळत होतो, एक टोक तिच्याकडे, एक माझ्याकडे. आणि हा आला. आला तो उंबऱ्यातच उभा राहून सांगायला लागला, दुकानात एक बाई आल्या, अक्षरांचा तक्ता वाचायला सांगितला तर म्हणाल्या, "अक्षर छान आहे, पण मजकुराला अर्थ नाही." चिमणी फिसकन हसली, मीही. चादर सोडली असती तर जमिनीवर गेली असती, म्हणून दोघी धरून हसत राहिलो, दोघींची तोंडं उघडी. हा आमच्याकडे बघत नुसता उभा. मी म्हटलं, "काय हवंय?" तर म्हणाला, "काही नाही." कशाला आला होता ते विसरलाच असेल. आता वय होतंय.

मंगळवार, २५

हिरडी भरली. पोरगी पूर्वीसारखं जेवली. जेलच्या नळ्या मी परवाच कचऱ्यात टाकल्या. शेडकार्ड चिमणीने मागून घेतलं, चित्रकलेच्या वहीत ढगांना वापरणार म्हणे.

मला मात्र खिडकीची भीती तशीच आहे. लेकीसाठी घरात हात खाली ठेवणं वेगळं आणि रांगेपुढे ठेवणं वेगळं. बाबा म्हणाले, "सूनबाई, हसतील त्यांचे दात दिसतील." मी म्हटलं, "बाबा, इथे माझेच दिसणार आहेत." ते बराच वेळ हसत राहिले, कवळी सावरत.

शुक्रवार, २८

शेवटची घोषणा. सहा चाळीसची गाडी, फलाट दोन. एवढंच म्हणायचं होतं. मग बटण बंद करायच्या आधी मी म्हटलं, "चौकशी खिडकीतले आपले सहकारी आज निवृत्त होत आहेत. अकरा वर्षं त्यांनी प्रत्येक गाडी दोनदा सांगितली, म्हणून कुणाची चुकली नाही." नियमात बसत नाही. 

खाली गेले तर डबलबेल खिडकीची काच पुसत होते. डोळे पुसायच्या ऐवजी काच पुसत होते असं मला वाटलं. किल्ली हातात ठेवून म्हणाले, "खुर्चीचा डावा पाय हलतो. डावा." माझा आवाज बंद झाल्यावर वरच्या खोलीत आता पंखाही फिरत नाही.

शनिवार, १ मार्च

पहिले दोन तास वाईट गेले. काचेला मध्ये अर्धगोल भोक आहे, माणसं त्यात वाकून विचारतात, म्हणजे तोंड अगदी समोर येतं. मी ओठ मिटून, हनुवटी खाली घालून उत्तरं देत होते. माणसं "काय?" म्हणत होती. ज्या आवाजासाठी मला नोकरी मिळाली तो कुणाला ऐकू जाईना. दहाच्या सुमारास हात तोंडावर जाऊन बसला तो मलाही कळला नाही.

साडेदहाला एक गृहस्थ आले. साठीचे, हातात वेताची टोपली, त्यात रोपं. त्यांनी मोठ्या, सपाट आवाजात गाडी विचारली. मी सांगितली. ते तसेच उभे. पुन्हा सांगितली. मागची रांग चुळबुळायला लागली. मग त्यांनी आपल्या कानाकडे बोट केलं, मान हलवली, आणि काचेवर माझ्या हातासमोर बोट टेकवून म्हणाले, "हात काढा ताई. मी ओठ वाचतो."

मी हात काढला.

एवढं लक्ष देऊन माझ्या तोंडाकडे आजवर कुणी पाहिलं नसेल. ना आत्याने, ना दातांच्या डॉक्टरांनी. मी हनुवटी वर केली, तोंड नीट उघडलं आणि सावकाश म्हटलं, "सव्वादोन. फलाट सहा." त्यांचे डोळे माझ्या ओठांवरून हलले नाहीत. पट्टे त्यांना दिसले असणारच, कसे नाही दिसणार. मग त्यांच्या चेहऱ्यावर गाडी उमटली. दुसरं काही नाही, फक्त गाडी.

"सव्वादोन, सहा," ते म्हणाले. मी मान हलवली. टोपली उचलताना म्हणाले, "तेरा वर्षं येतोय. वर भोंगा काय बोलतो ते मला कधी कळलं नाही. इथल्या आधीच्या साहेबांचे ओठ मिशीत झाकलेले. गाड्यांच्या मागे पाट्या वाचत पळायचो. त्या भोंग्यापेक्षा तुम्ही बऱ्या."

भोंगा म्हणजे मीच, हे मी त्यांना सांगितलं नाही. हसू मात्र आलं, आणि तेही त्यांनी वाचलं.

नंतर दिवसभरात किती जणांनी विचारलं ते आठवत नाही. एका पोराने मात्र आईला विचारलंच, "त्या बाईंचे दात असे का?" आई ओशाळली. मी म्हटलं, "लहानपणी प्यायलेल्या पाण्यामुळे." पोरगं म्हणालं, "हां," आणि गाडीकडे पळालं. कान तापले होते, पण तेवढंच.

रविवार, २

रोपंवाल्या काकांची गोष्ट घरी सांगितली तर चिमणीने लगेच खेळ काढला. आवाज न करता बोलायचं, दुसऱ्याने ओठ वाचायचे. सगळी संध्याकाळ तेच. ती "फलाट चार" म्हणाली, मी ओळखलं. मी तिच्या शाळेचं नाव म्हटलं, तिने ओळखलं. ओठ वाचायचे म्हटल्यावर हात कुठे ठेवणार. दोघींचे हात मांडीवर, तोंडं उघडी, खोलीत चिडीचूप. बाबांनी कवळी काढून ठेवली होती, त्यामुळे ते काय म्हणाले ते शेवटपर्यंत कुणालाच कळलं नाही. त्यांनी स्वतःही सांगितलं नाही, म्हणाले, "हरलात."

मग ह्याची पाळी. हा नको नको म्हणत होता. चिमणीने ओढून समोर बसवलं. त्याने चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला, माझ्याकडे पाहिलं आणि आवाज न करता काहीतरी म्हणाला. लांबलचक होतं, सोळा वर्षांत विनोद सोडता हा एका दमात एवढं बोललेला मला आठवत नाही.

"चष्मा कुठे ठेवला," चिमणी म्हणाली.

"वीजबिल," बाबा म्हणाले.

मला पहिल्या शब्दापासून शेवटपर्यंत सगळं कळलं, भांडी, पीठ, चादर आणि दर वेळी अडकलेले माझे हात. दोघं माझ्याकडे बघत होते. मी म्हटलं, "चहा टाक म्हणतोय," आणि उठून चहा टाकायला गेले.